दुसरीकडे दिला

रोज सकाळी सव्वाआठ वाजता मला माझाच फोन यायचा.

"नमस्कार, मी वनिता सिस्टर बोलतेय. सानिकाच्या बाळाचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस राहिलाय. बाळाला घेऊन कधी येताय?"

आवाज माझा. 'येताय'मधला 'ता' लांबवायची खोडही माझी. गोडवा तेवढा माझा नव्हता. इतकी गोड मी जन्मात कुणाशी बोललेले नाही. इचलकरंजीत डॉक्टर मगदुमांच्या लहान मुलांच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं सुया टोचल्या. त्यातली निम्मी वर्षं आयांवर ओरडण्यात गेली. "कार्ड कुठाय? विसरलीस? पोराला विसरून आली नाहीस ना?" अशी माझी भाषा.

सानिका माझी मुलगी, बाळ म्हणजे माझी नात ओजू. मशीनला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी सानिका ही एक आई होती आणि तिचा नंबर म्हणून माझा मोबाईल लिहिला होता, एवढंच.

या मशीनचं नाव 'हाक'. गावातले शेवटचे साधे माग भंगारात गेले त्या वर्षी ते दवाखान्यात आलं. त्याआधी मेसेज जायचे. तारीख आठवून दिली की चार पोरं जास्त येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यात खोटं काही नाही. पण मेसेज वाचतंय कोण? कंपनीवाले म्हणाले, बाईला मेसेज नको, माणूस हवा. माणसं ठेवायला कुणाची तयारी नव्हती, म्हणून माणसाचा आवाज घेतला. तीन महिने माझ्या कॉलरला माईक लावून ठेवला. मी सही दिली. कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

त्या तीन महिन्यांच्या बोलण्यातून मशीननं माझ्या आवाजाचा साचा काढला. आता कुठलंही वाक्य त्या साच्यात ओतलं की ते मी बोलल्यासारखं बाहेर पडतं. पण खरी करामत पुढची होती. कुठली आई किती वाजता फोन उचलते, कुणाला 'ताई' म्हटलं की येते, कुणाला 'बाळाच्या आजीला फोन देता का' म्हटलं की घाबरून येते, हे सगळं ते शिकत गेलं. प्रत्येक बाईला तिची वेगळी वनिता मिळाली. दोन वर्षांत आमच्या दवाखान्याचे आकडे शंभरात अठ्ठ्याहत्तरवरून अठ्ठ्याण्णववर गेले. भिंतीवर पितळी पाटी लागली, 'आदर्श दवाखाना'.

पोरं वाचली असतील त्यानं, नक्की वाचली असतील. पण बायकांनी पिवळं कार्ड ठेवणं सोडून दिलं. तारीख डोक्यात ठेवणंही सोडलं. फोन आला म्हणजे डोस आहे, नाही आला म्हणजे नाही. अख्ख्या गावाची आठवण एका मशीनच्या पोटात जाऊन बसली.

आणि त्या मशीनच्या पोटात आम्ही काय घालत होतो, ते ऐका.

ज्या पोरांचे डोस राहिले त्यांची नावं स्क्रीनवर लाल दिसायची. डॉक्टरांना लाल रंग खपत नव्हता. नावावर बोट ठेवलं की चार बटणं यायची: 'डोस दिला', 'बाळ आजारी', 'गाव सोडलं', 'दुसरीकडे दिला'. पहिलं दाबलं की बाटलीचा नंबर मागायचं, दुसरं दाबलं की डॉक्टरांची चिठ्ठी, तिसरं दाबलं की नवा पत्ता. चौथं काहीच मागायचं नाही. दाबा, स्क्रीनवर आणि आईच्या मोबाईलवर नाव हिरवं, फोन बंद. ज्यानं कुणी ते बटण बनवलं त्याला पुरावा मागायचं सुचलं नाही, असं मी मानत नाही. त्यालाही अठ्ठ्याण्णवच हवे होते.

फोन उचलत नाही? दुसरीकडे दिला. तीनदा 'उद्या येते' म्हणाली? दिला असेल दुसरीकडे. सगळ्या सिस्टर दाबायच्या. मीही दाबायचे.

आता माझ्या घरातली गोष्ट. आमच्यात अजून लग्नात सुनेचं नाव बदलतात. आवाजाचे साचे निघाले, पण ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवऱ्यानं नाव लिहायचं काही सुटलं नाही. जावई वेदांत, म्हणून माझी सानिका झाली वेदश्री. जोडीच्या चपलेसारखं नाव. सानिका हे नाव तिच्या बापानं ठेवलेलं. ती चार वर्षांची असताना तो गेला. त्याचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते तिच्या सासरच्या, हुपरीच्या चांदीवाल्यांनी तांदळात गाडलं.

मी हट्टाला पेटले. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळाचे डोस माझ्या दवाखान्यात. नोंद करताना मी ठासून लिहिलं: आईचं नाव सानिका, मोबाईल माझा. बारशाला विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेचं नाव वेदश्री आहे." मी म्हटलं, "माझ्या रजिस्टरात नाही." ती सासरी गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी नवी नोंद उघडली, वेदश्रीच्या नावानं, तिच्या मोबाईलवर; तिथंही हीच हाक होती, माझ्याच आवाजातली. एका पोरीच्या दोन नोंदी झाल्या.

पाच महिन्यांपूर्वी मी हुपरीला गेले, चार पाहुण्यांत तिला 'सानिका' म्हणून हाक मारली.  तिनं मला आत नेलं आणि म्हणाली, "आई, इथं त्या नावानं नको ना बोलवू. मलाच भोगावं लागतं नंतर."

"मग मी येतच नाही," म्हटलं, आणि खरंच गेले नाही. फोनही केला नाही.

म्हणून रोज सकाळी सव्वाआठला माझाच आवाज 'सानिकाच्या बाळाचा' म्हणायला लागला की काळजात कळ यायची. चौथ्या दिवशी मी कावले. ओजू आता सानिकाच्या सासरी आहे, तिकडे डोस होईलच की. स्क्रीन उघडला, बटण दाबलं. दुसरीकडे दिला. फोन बंद झाले. बरं वाटलं.

त्याला तीन आठवडे झाले आणि तो बुधवार आला.

सकाळी साडेआठला अश्विनी अकरा महिन्यांचं पोर घेऊन आली. माझ्या विहिणीची भाची ती, इथंच विक्रमनगरात राहायची. पोर तापानं फणफणलेलं, डोळे लाल, कानामागून मानेवर पुरळ उतरलेला. डॉक्टरांनी बॅटरीनं तोंडात बघितलं. गालाच्या आत मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. ते माझ्याकडे वळले. आम्ही दोघांनीही ते ठिपके सात-आठ वर्षांत पाहिले नव्हते.

"गोवर," ते हळूच म्हणाले. "नऊ महिन्यांचा डोस?"

"फोनच आला नव्हता ओ मला," अश्विनी म्हणाली. "आला असता तर आले असते की!"

मी नोंद उघडली. 'अश्विनीचं बाळ', हिरवं. दुसरीकडे दिला. खाली कर्मचाऱ्याची खूण: व. सा., म्हणजे वनिता सातपुते.

 अश्विनी मात्र बोलतच होती, "परवा रविवारी तर चांगला होता. हुपरीला मावशीकडं जावळाला गेलो होतो, नुसतं नाक गळत होतं. तुमच्या ओजूला तर सोडत नव्हता, एकाच पाळण्यात दोघं..."

मी ओजूची नोंद उघडली. हिरवी. एकच नोंद. दोनच्या ऐवजी एक.

काय झालं होतं ते कळायला मला दोन मिनिटं लागली. हाक सारख्या दिसणाऱ्या नोंदी जोडते. जन्मतारीख, जन्माची वेळ, वजन, बापाचं नाव ताडून बघते. आईचं नाव आणि मोबाईल वेगळे, म्हणून इतके दिवस तिनं या दोन जोडल्या नव्हत्या. मी 'दुसरीकडे दिला' म्हटल्यावर ती दुसरीकडे शोधायला गेली. तिला वेदश्रीचं बाळ सापडलं. तीच वेळ, तेच वजन, तोच बाप. दोन्ही नोंदी तिनं वेदश्रीच्या नावावर, तिच्या मोबाईलवर एक केल्या आणि माझी हिरवी खूण दोन्हींना लावली. मशीननं माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काही केलं नाही. हुपरीतल्या दवाखान्याचा लसीचा वार पुढच्या आठवड्यात होता, तिथला फोन गेलाच नाही. आणि फोन नाही म्हणजे डोस नाही.

गोवराचा एक पेशंट बारा ते अठरा जणांना गोवर देऊ शकतो. तो उठून गेला तरी खोलीतल्या हवेत विषाणू दोन तास राहतो. म्हणून शंभरात पंच्याण्णव पोरं टोचलेली लागतात, तेव्हा कुठं उरलेल्या पाचांना आडोसा मिळतो. पण एक फट आहे. विषाणूला अंगात पसरायला दहा-एक दिवस लागतात, लस त्याच्या आधी काम सुरू करते. संपर्क आल्यापासून बहात्तर तासांत टोचलं तर लस शर्यत जिंकू शकते. शकते. नक्की नाही.

रविवारी दुपारी एकला जेवणावळ होती. आज बुधवार. घड्याळात नऊ वाजले होते. चार तास.

मी डॉक्टरांना केबिनमध्ये सगळं सांगितलं.

"किती वेळा दाबलंयस ते?"

"दोनशे बारा."

ते खुर्चीत मागे टेकले. भिंतीपलीकडे पितळी पाटी होती. "हे बघ वनिता. नातीची नोंद तेवढी दुरुस्त कर. टोचून ये. बाकीचं शांतपणे बघू."

"शांतपणे म्हणजे कधी? अशी पोरं गावभर फिरतायत, सर."

"आधी नात बघ म्हटलं ना!"

मी सानिकाला माझ्या मोबाईलवरून फोन लावला. तीनदा कापला. मग दवाखान्याच्या नंबरवरून लावला, ज्यावरून हाकेचे फोन जायचे. लगेच उचलला, लाडात: "काय हो वनिता सिस्टर, आज कसली हाक?"

 पाच महिन्यांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. माझ्या आवाजाशी मात्र बोलत होती.

"सानिका, ऐक. मी आई बोलतेय, खरी आई. ओजूला गोवराचा डोस झालेला नाही, अश्विनीच्या पोराला गोवर आलाय, मी येतेय..."

पलीकडे हसू आलं. "अहो आई, ऐका की," ती सासूला सांगत होती, "मशीन आता आमच्या आईसारखं ओरडायला पण शिकलंय!" मग मला, "आमचं सगळं हिरवं आहे बरं का. धन्यवाद." आणि फोन बंद.

मी लसीचा निळा डबा घेतला, बर्फाच्या पट्ट्या घातल्या, स्कूटर काढली. हुपरी काही लांब नाही, पण त्या दिवशी रेंदाळजवळ रस्ता खणला होता आणि मला वळसा पडला. डबा पायांत धरून मी मिनिटं मोजत होते. पोहोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

विहीणबाई बाहेरच्या सोप्यात पैंजणाला घुंगरू जोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाट चुकलासा काय?"

"ओजू कुठाय?"

"झोपलीय. बसा. पाणी घ्या. पाच महिन्यांनी आलासा, आल्या आल्या डबा घेऊन?"

सानिका आतून आली, कडेवर नुकती उठलेली ओजू. ओजूनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. ओळखलंच नाही. मी एका दमात सगळं सांगितलं. सानिकानं मोबाईल पुढे धरला. हिरवी खूण.

"आई, डोस झालाय असं इथं आहे."

"तू नेली होतीस का तिला टोचायला? आठव की!"

ती गोंधळली. "गेल्या महिन्यात नेलेलं... तो कसला होता? यांनी नेलं होतं वाटतं. फोन यायचा तेव्हा जायचो आम्ही. कोण लक्षात ठेवतं?"

"दोनदा टोचलं तरी काही होत नाही. मी टोचते."

"थांबा," विहीणबाई उठल्या. "मशीन चुकलं आणि तुम्ही बरोबर, व्हय? पोरीचा राग नातीच्या दंडावर काढायला आलासा?"

"मशीन नाही चुकलं," मी म्हटलं. "मी चुकले. खोटी खूण मी केली. रोज सकाळी सानिकाचं नाव ऐकवत नव्हतं म्हणून."

विहीणबाईंनी हातातलं पैंजण खाली ठेवलं.

सानिका माझ्याकडे बघत राहिली. "माझ्या नावासाठी?"

"हो."

"माझ्या पोरीचा डोस तू..."  तिनं ओजूला घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे गेली. माझ्यापासून मागे. "आता तुझ्यावर मी कसा विश्वास ठेवू, आई? खोटं तेव्हा होतं का आत्ता आहे, मला काय कळणार?"

विहीणबाईंनी निकाल दिला. "हाकेचा फोन येऊ द्या. तिनं सांगितलं तर टोचू."

माझ्या आवाजानं सांगितलं तर. मी समोर उभी असताना.

पाऊण तास मी समजावत राहिले, दोघी ऐकेनात. घड्याळात बारा वाजून दहा. मी मोबाईलवर दवाखान्याचा स्क्रीन उघडला. 'चुकीची नोंद' हे बटण अगदी खाली होतं. हाक आल्यापासून ते कुणी दाबल्याचं मला आठवत नव्हतं. त्यानं माझी ओळखीची खूण मागितली. मग म्हणालं, कारण आवाजात सांगा, हे निवेदन जिल्हा कार्यालयाला आणि कंपनीला जाईल.

मी तिथंच दोघींच्या देखत बोलले: "मी वनिता सातपुते. डोस न बघता खोटी नोंद केली."

स्क्रीननं विचारलं: ही एकच नोंद, की या कर्मचाऱ्याच्या अशा सर्व नोंदी?

डॉक्टर म्हणाले होते, नातीची तेवढी. एक दाबली असती तर मी वाचले असते. चूक एकदाच झाली असं म्हणता आलं असतं. सानिकानं माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचला. अश्विनीचं पोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी 'सर्व' दाबलं.

दहा मिनिटं काही झालं नाही. त्या दहा मिनिटांत मी देव, मशीन, तांदूळ, अंगठी, सगळ्यांना शिव्या घातल्या. बारा पंचविसाला सानिकाचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"नमस्कार वेदश्री, मी वनिता सिस्टर. घाबरू नका हं. बाळाचा गोवराचा डोस झाला असं आमच्याकडे चुकून लिहिलं गेलं होतं. तुमच्या जवळ गोवराचा पेशंट आढळलाय. बाळाला आत्ताच लस द्यायला हवी. द्याल ना?"

किती मऊ आवाज. कुठं टोमणा नाही, हट्ट नाही. सानिकाचे डोळे भरले. "हो आई," ती फोनला म्हणाली. "देते."

मी डबा उघडला. पावडरच्या बाटलीत पाणी सोडलं, हलवलं, अर्धा मिली ओढलं. सानिकानं ओजूचा उजवा हात धरला, माझ्याकडे न बघता. कातडीखाली सुई गेली, ओजूनं टाहो फोडला. बारा बत्तीस झाले होते.

त्याच वेळी इचलकरंजीत दोनशे अकरा फोन वाजत होते. माझ्या आवाजात.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन दिवसांत दवाखान्यासमोर रांग लागली. एकतीस जणींनी खरंच दुसरीकडे डोस दिला होता. बाकीच्यांना टोचलं. सात पोरांना त्याआधीच लागण झाली होती. सहा बरी झाली. अश्विनीचं पोर नवव्या दिवशी गेलं, न्यूमोनियानं. त्याचं नाव मल्हार होतं. आमच्या नोंदीत ते शेवटपर्यंत 'अश्विनीचं बाळ' होतं. मी तिच्या दारात गेले होते. तिनं दार लावून घेतलं, आणि तिचं बरोबर आहे.

माझी चौकशी चालू आहे, सुई हातातून गेली. डॉक्टरांनी सगळा दोष माझ्यावर टाकला आणि पाटी ठेवली. कंपनीनं मोठी सुधारणा केली: 'दुसरीकडे दिला' दाबलं की आता स्क्रीन विचारतो, 'नक्की?' बस्स. आवाज माझाच आहे. करारात तसंच लिहिलंय.

ओजूचे एकवीस दिवस मोजायचे होते. गोवर तोवर कधीही फुटू शकतो. मी रोज फोन करायचे आणि हाकही करायची, डोस झालेल्या पोराची विचारपूस म्हणून. दोन्ही वेळा एकच आवाज. दुसऱ्या दिवशी सानिकानं फोन उचलला आणि कोरडं विचारलं, "माझं नाव काय?"

"म्हणजे?"

"नाव सांग. मशीन असशील तर ठेवते."

"सानिका."

"हं. ताप नाही." आणि फोन बंद.

रोज तेवढंच. नाव काय? सानिका. ताप नाही. आठव्या दिवशी म्हणाली, "ताप आहे." लसीनंही त्या सुमारास ताप येतो, बारीक पुरळही येतो. ती लस होती की गोवर, ते मला सत्तावीस वर्षांच्या अनुभवानंही फोनवरून सांगता येत नव्हतं. दोन दिवस मी पाण्याशिवाय काही गिळलं नाही. मग ताप उतरला. अंगावर काही फुटलं नाही.

मल्हार गेल्यानंतर मी ठरवलं होतं की पोरीला एकदा तिच्या नावानं हाक मारायची. आता जे तिचं आहे, त्या नावानं. माझ्या एका नावाच्या हट्टापायी काय झालं ते मी बघितलं होतं. एकविसाव्या दिवशी मी आरशापुढे उभी राहून म्हणून बघितलं: वेदश्री. जीभ अडखळली, पण जमलं.

फोन लावला. तिनं उचलला.

"माझं नाव काय?"

वेदश्री तोंडापर्यंत आलं होतं. पण ते नाव माझ्या आवाजात, माझ्यापेक्षा मऊ, मशीन रोज घेत होतं. ते उच्चारलं असतं तर ती हसून धन्यवाद म्हणाली असती आणि फोन ठेवला असता.

"सानिका," मी म्हटलं.

 मागे ओजू कशावर तरी चमचा आपटत होती.

"बोल आई," ती म्हणाली. "काही नाही तिला. बोल."